दोष गाठीत की रक्तात? मेंदूच्या गाठीचे एक प्रकरण

कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत. या मुलावर ज्या ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांच्या मंडळात, चर्चा झाली, त्या बोर्डाच्या बैठकांना मी हजर होतो.

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचा अकरा वर्षांचा मुलगा. सकाळी उठल्यावर डोके दुखायचे, मग उलटी व्हायची आणि दुपारपर्यंत बरे वाटायचे. गावात पित्त समजून औषध झाले. एके दिवशी शाळेत डाव्या हाताला झटके सुरू झाले, ते चेहऱ्यापर्यंत पोचले आणि तो खाली पडला. फिट आली म्हटल्यावर घरच्यांनी थेट शहर गाठले.

एमआरआयमध्ये उजव्या फ्रंटल भागात मोठी गाठ दिसली. शस्त्रक्रियेत तिचा बहुतेक भाग निघाला. पॅथॉलॉजीचा अहवाल आला: ग्लिओब्लास्टोमा, चौथी श्रेणी, म्हणजे मेंदूच्या कर्करोगाची सर्वांत आक्रमक श्रेणी. स्लाइडवर अनेक केंद्रके असलेल्या अवाढव्य पेशी जागोजागी होत्या आणि अहवालात त्यांची नोंदही होती. या वयात नेहमी पाहिले जाणारे आयडीएच१ आणि एच३ के२७एम हे दोन्ही जनुकीय बदल गाठीत नव्हते. रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या, असा रिवाजाचा उपचार सुरू झाला.

फाइलमध्ये आणखी एक जुना कागद होता. मुलाच्या पाठीवर आणि मांडीवर दुधाळ चहाच्या रंगाचे सात-आठ डाग होते. आजीच्या मते सून गरोदर असताना ग्रहण पाळले गेले नव्हते. मुलगा चार वर्षांचा असताना एका डॉक्टरांनी त्या डागांवरून न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (त्वचेवर डाग आणि मज्जातंतूंवर गाठी येणारा जनुकीय आजार) असा शिक्का मारला होता. पुढे तो शिक्का प्रत्येक कागदावर उतरत गेला. त्वचेखाली गाठी नाहीत, डोळ्याच्या बुबुळावर लिश नोड्यूल नाहीत, घरात दुसऱ्या कोणाला हा आजार नाही, हे कुणी पडताळले नव्हते.

डॉ. क यांचे प्रशिक्षण न्यूरॉलॉजीतले. अर्धा आठवडा त्या फिट्सच्या रुग्णांची ओपीडी बघतात आणि उरलेला अर्धा कर्करोगाच्या जनुकीय प्रयोगशाळेत असतात. लहान मुलांमधल्या उच्च श्रेणीच्या ग्लिओमांचे (ग्लिओमा म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींची गाठ; ग्लिओब्लास्टोमा त्यातलाच) एक्सोम वाचण्याचा प्रकल्प त्यांच्याकडे आहे. एक्सोम म्हणजे प्रथिने घडवणारा डीएनएचा जेमतेम एक-दोन टक्के भाग. गाठीतला डीएनए आणि त्याच मुलाच्या रक्तातला डीएनए शेजारी ठेवून वाचतात. रक्तात जे आहे ते जन्मतःचे, फक्त गाठीत जे आहे ते नंतर घडलेले, असा हिशेब. या मुलाचे नमुने आई-वडिलांच्या संमतीने प्रकल्पात आले होते.

प्रश्न कुठे उभा राहिला

लहान मुलांच्या मेंदूच्या गाठींत नंतर घडलेले बदल सहसा थोडे असतात. दर दहा लाख अक्षरांमागे एखाद-दुसरा, पुष्कळदा त्याहूनही कमी. या गाठीत ते दोनशेच्या वर निघाले. विश्लेषण करणाऱ्या तरुणाने नमुना खराब म्हणून बाजूला काढला, आणि त्याचा संशय निराधार नव्हता. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि मग मेणात ठेवलेला असतो. फॉर्मॅलिनमुळे डीएनएतल्या सी या अक्षराची रासायनिक मोडतोड होते आणि यंत्र ते टी असे वाचते. जुन्या ब्लॉकमधून असे हजारो खोटे बदल निघतात.

डॉ. क यांनी नमुना टाकू दिला नाही. त्यांनी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. पहिली, हे बदल किती वाचनांत दिसतात. फॉर्मॅलिनचे खोटे बदल बहुधा शंभरातल्या पाच-सात वाचनांत असतात; इथे तीस-चाळीस टक्के वाचनांत दिसत होते, म्हणजे गाठीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत. दुसरी, बदलांचा ठसा. निव्वळ सीचे टी झालेले नव्हते. टी-सी-टी या क्रमात मधल्या सीचा ए झालेले बदलही ढिगाने होते. डीएनएची नक्कल करताना स्वतःच्या चुका खोडणारे पोल-ई हे एन्झाइम बिघडले की असा ठसा उमटतो. शोधल्यावर गाठीत पोल-ईच्या नेमक्या त्या खोडरबरी भागातला बदल सापडला.

पण एकट्या पोल-ईने कोडे सुटत नव्हते. नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी दुसरी फळी असते: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या जनुकांची. ती फळी जन्मतःच निकामी असेल आणि वर पोल-ईही बिघडले, तर बदलांची संख्या अशी बेसुमार वाढते. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत मिळालेल्या मुलांच्या या आजाराला सीएमएमआरडी म्हणतात. १९९९ मध्ये त्याची पहिली वर्णने आली. अंगावर चहाच्या रंगाचे डाग, लहानपणीच रक्ताचा, मेंदूचा किंवा आतड्याचा कर्करोग, आणि पुष्कळ घरांत आई-वडिलांचे नात्यातले लग्न. डागांमुळे यातल्या बऱ्याच मुलांना आधी न्यूरोफायब्रोमॅटोसिसचे निदान मिळते.

डॉ. क यांनी फाइल पुन्हा उघडली. वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केले होते. आपल्याकडे हे इतके रुळलेले आहे की केस-पेपरवर त्याची नोंद होत नाही. इथे ती झाली होती, तीही एका इंटर्नच्या अक्षरात, समासात. युरोपातल्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये दिलेल्या गुणपद्धतीत तीन गुण झाले तर चाचणी करावी असे आहे. पंचविशीआधीचा उच्च श्रेणीचा ग्लिओमा दोन गुण, डाग दोन गुण, नात्यातले लग्न एक. पाच गुण एक्सोमशिवायच जमत होते.

घोळ असा की रक्ताच्या एक्सोममध्ये या चारपैकी एकाही जनुकात दोष दाखवला जात नव्हता. यादी स्वच्छ होती.

समोरचे पर्याय

हा प्रकल्प संशोधनाचा होता, निदानाचा नव्हता. संशोधन प्रयोगशाळेतल्या निष्कर्षावर उपचार बदलायचे नाहीत, हा नियम उगाच केलेला नाही. नळ्या बदलतात, नावे चुकतात, विश्लेषणाच्या पद्धती रोज बदलतात.

पहिला पर्याय गप्प राहण्याचा. प्रकल्पाचा गट पूर्ण झाल्यावर निष्कर्ष एकत्र छापायचे. नियमाला धरून, आणि संशोधकाला सर्वांत सुरक्षित. दुसरा, कर्करोगतज्ज्ञांना फोन करून तोंडी सांगायचे. तिसरा, नवे रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पक्के करायचे आणि मगच तोंड उघडायचे. यात चार ते सहा आठवडे जाणार होते.

घाई असण्याचे कारण टेमोझोलोमाइड. हे औषध डीएनएवर एक छोटा रासायनिक गट चिकटवते. दुरुस्तीची फळी तो दोष काढायला वारंवार धडपडते, जमत नाही, आणि त्या धडपडीत पेशी मरते. फळीच नसेल तर पेशी दोष घेऊन जगते आणि पुढच्या नकलेत नवा बदल मिळवते. म्हणजे मुलाला गोळ्यांचा त्रास पुरता आणि फायदा जवळपास शून्य. रेडिएशन संपत आले होते. त्यानंतर महिन्याला पाच दिवस अशी मोठ्या मात्रेची आवर्तने सुरू होणार होती.

बोर्डावर एकाने सुचवले की मायक्रोसॅटेलाइटची, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांची, चाचणी करू, आतड्याच्या कर्करोगात ती नेहमीचीच आहे. डॉ. क यांनी ती टाळली. या मुलांच्या मेंदूच्या गाठींत नेहमीची मायक्रोसॅटेलाइट चाचणी पुष्कळदा निर्दोष येते. ती तशी आली असती तर बोर्डाने सुटकेचा श्वास टाकून विषय मिटवला असता.

काय केले

चौथा पर्याय पॅथॉलॉजी विभागात पडून होता. दुरुस्तीच्या त्या चार जनुकांच्या प्रथिनांसाठी चार स्टेन, म्हणजे प्रथिन असेल तिथे पेशीला रंग देणारी चाचणी. ही रुग्णालयातली रोजची, मान्य चाचणी. काही हजार रुपयांत, दोन दिवसांत होणारी. डॉ. क यांनी कर्करोगतज्ज्ञांना कळवले ते इतकेच: वय, डाग आणि नात्यातले लग्न बघता गुण पाच होतात, तेव्हा या ब्लॉकवर चारही स्टेन करून घ्यावेत. संशोधनाचा निष्कर्ष फाइलमध्ये शिरला नाही, पण त्याने बोट योग्य जागी ठेवले. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी हालचाल हीच.

तरी ती फसता फसता राहिली. पीएमएस२ ची स्लाइड ‘असमाधानकारक, पुन्हा करावी’ असा शेरा घेऊन परत आली. गाठीच्या पेशींना रंग नव्हता, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना, लिम्फोसाइट्सना (रक्तातल्या पांढऱ्या पेशींना) ही नव्हता. एरवी गाठीत प्रथिन नसले तरी शेजारच्या निरोगी पेशी रंग धरतात. स्टेन नीट झाला याची तीच खूण. त्या पेशीही कोऱ्या, म्हणजे रसायन बिघडले, असा पॅथॉलॉजिस्टचा सरळ निष्कर्ष. नव्याण्णव रुग्णांत तो बरोबरच ठरला असता.

सीएमएमआरडीत निरोगी पेशी मुळात निरोगी नसतात. दोष जन्मतःचा असल्याने प्रथिन अंगातल्या कुठल्याच पेशीत नसते. स्टेन पुन्हा केला तेव्हा त्याच काचेवर दुसऱ्या रुग्णाच्या ऊतीचा तुकडा ठेवला. तो तुकडा गडद रंगला, मुलाचा कोराच राहिला. बाकीची तीन प्रथिने जागेवर होती. पीएमएस२ गाठीत नव्हते आणि मुलातही नव्हते.

मग रक्ताची यादी स्वच्छ कशी? पीएमएस२ ची एक जवळजवळ हुबेहूब, निकामी नक्कल त्याच गुणसूत्रावर आहे. जनुकाच्या शेवटच्या भागातले छोटे तुकडे मूळ जनुकाचे की नकलेचे, हे संगणकाला ठरवता येत नाही. मग तो दोन्ही सोडून देतो. मुलाचा दोष नेमका त्या भागात होता. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने नव्या रक्तातून लांब तुकडे उचलून फक्त मूळ जनुक वाचले, तेव्हा दोन्ही प्रतींत तोच एक बदल सापडला. तोपर्यंत स्टेनच्या अहवालावर टेमोझोलोमाइड थांबवलेले होते.

घरच्यांना सांगताना

संमतीपत्रात एकच ओळ होती: अनपेक्षित काही आढळल्यास संशोधक योग्य तो निर्णय घेतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे निष्कर्ष कळवायचे की नाही आणि कसे, याचा विचार आधीच व्हायला हवा. या ओळीत तो नव्हता. सुदैवाने सांगण्यासारखे जे होते ते आता निदानाच्या चाचण्यांतून आलेले होते.

समुपदेशक बाईंनी आई-वडिलांना वेगळे बसवले. आजी बाहेर थांबायला तयार नव्हत्या, त्याही आल्या. वडिलांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता.

“मॅडम, आमच्या लग्नामुळं झालं का हे?”

“दादा, तुमच्या आजी-आजोबांपैकी एकाकडून हा दोष तुमच्या आईंकडे आला आणि त्यांच्या भावाकडेही, म्हणजे ताईंच्या वडिलांकडे. ते दोघंही तो घेऊन जगले, कुणाला कळलं नाही. तुम्हा दोघांकडे प्रत्येकी एक प्रत बिघडलेली आहे. लेकराला दोन्ही तशाच मिळाल्या. नात्यात लग्न झालं की असं जुळायची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण हे कुणाला ठाऊक नव्हतं.”

हे लग्न आजींनी जमवलेले. त्या काही बोलल्या नाहीत. समुपदेशक बाईंनी प्रश्नाला बगल दिली नाही हे मला पटले. “तसं काही नसतं” म्हणून धीर देणे सोपे होते, पण पुढचा सगळा सल्ला त्याच वंशावळीवर उभा राहणार होता.

भावंडांच्या तपासणीचा निर्णय

मुलाला सात वर्षांची बहीण आणि तीन वर्षांचा भाऊ. प्रत्येकाला हाच आजार असण्याची शक्यता चारात एक. एकच बिघडलेली प्रत असण्याची चारात दोन. बहिणीच्या पोटावर दोन डाग होते.

बोर्डावर इथे खरा वाद झाला. लहान मुलांची जनुकीय तपासणी मोठेपणीच्या आजारासाठी करू नये, हे सर्वमान्य. पण दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर धोका आत्ताचा आहे आणि करण्यासारखे बरेच आहे: मेंदूचा एमआरआय दर सहा महिन्यांनी, सहाव्या वर्षापासून दरवर्षी कोलोनोस्कोपी, वेळोवेळी रक्ततपासणी. एकच प्रत बिघडलेली असेल तर तो लिंच सिंड्रोम, म्हणजे मोठेपणी आतड्याच्या कर्करोगाचा वाढीव धोका; पीएमएस२ च्या दोषात त्याची आतड्याची तपासणी पस्तिशीच्या आसपास सुरू होते. ते आज कळून मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. पुढे लग्नाच्या बाजारात मात्र त्याचा कागद फिरू शकतो.

मग एक मधला मार्ग निघाला. प्रयोगशाळेने अहवालात एवढेच लिहायचे, आजार आहे किंवा नाही. वाहक आहे का, ते सीलबंद ठेवायचे आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याने विचारले तर सांगायचे. एका सदस्याला हे पटले नाही. आई-वडिलांपासून मुलाची माहिती लपवायचा आपल्याला काय अधिकार, असे ते म्हणाले. मुद्दा हलका नव्हता. आई-वडिलांनाच विचारले, तेव्हा आई म्हणाली, “आजार नाही ना, एवढं सांगा. बाकी ठेवा.”

बहिणीला आजार निघाला. भावाला नाही.

उपचाराचा निर्णय

इतक्या बदलांनी भरलेली गाठ प्रतिकारशक्तीला परकी दिसू शकते. २०१६ मध्ये टोरोंटोच्या गटाने याच आजाराच्या दोन सख्ख्या भावंडांत परत उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमावर निवोलुमॅबचा, म्हणजे प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाचा, ठळक परिणाम नोंदवला. नंतरच्या मोठ्या गटांतही प्रतिसाद मिळाला, जो साध्या ग्लिओब्लास्टोमात सहसा मिळत नाही.

अडचण पैशाची. पूर्ण मात्रेचा खर्च या घराच्या आवाक्यापलीकडचा. मुंबईच्या टाटा मेमोरियलने मान-डोक्याच्या प्रगत कर्करोगात दर तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब जोडून चाचणी केली होती. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मग इथेही कमी मात्रा चालेल का? प्रौढांच्या जिभेच्या-गालाच्या गाठीवरचा निष्कर्ष मुलाच्या मेंदूला लावायला आधार नाही, असे कर्करोगतज्ज्ञांचे मत. दुसरीकडे, पूर्ण मात्रा दोनदा देऊन पैसे संपणे हेही उपचार नव्हेत. शेवटी एका विश्वस्त संस्थेची मदत आणि औषध कंपनीची सवलत जमून वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा सुरू झाली. हे जमले नसते तर कमी मात्रा दिली असती की नाही, यावर बोर्डात एकमत नव्हते.

दुसऱ्या मात्रेनंतर दहा-बारा दिवसांत फिट्स वाढल्या, डावा हात लुळा पडू लागला. एमआरआयमध्ये गाठ मोठी. ही वाढ, की औषधाने पेटवलेला दाह? दोन्ही सारखेच दिसतात. वाढ समजून औषध थांबवले तर हाती आलेली एकच संधी जाते. दाह समजून पुढे गेलो आणि ती वाढ निघाली, तर मेंदूतला दाब जीव घेतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सूज उतरते, पण तेच प्रतिकारशक्तीलाही झोपवते.

इथे डॉ. क यांचे न्यूरॉलॉजीचे प्रशिक्षण कामी आले. त्यांनी लेव्हेटिरासेटाम या फिट्सवरच्या औषधाची मात्रा वाढवली, ईईजी केला, स्टेरॉइड कमीत कमी मात्रेत आणि थोड्या दिवसांपुरते ठेवले. रक्तपुरवठा मोजणाऱ्या पर्फ्युजन एमआरआयमध्ये मोठ्या दिसणाऱ्या भागात रक्तपुरवठा वाढलेला नव्हता, म्हणजे पारडे दाहाकडे. तिसरी मात्रा पुढे ढकलली, रद्द केली नाही. चार आठवड्यांनी गाठ आधीपेक्षा लहान दिसली आणि हाताची ताकद बरीच परतली.

काय झाले

मुलगा शाळेत परत गेला, सहावी पूर्ण केली. निदानानंतर सुमारे दीड वर्षाने दुसऱ्या बाजूला नवी गाठ आली. ती औषधाला बधली नाही आणि काही महिन्यांत तो गेला.

बहिणीचा पहिला एमआरआय निर्दोष होता. पहिल्या कोलोनोस्कोपीत दोन लहान अॅडिनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या गाठी) सापडले, ते काढले. तिला तेव्हा कसलाही त्रास नव्हता. तिची तपासणी ठरल्या वेळापत्रकाने चालू आहे. दर खेपेला एक दिवसाचा प्रवास, बापाचा बुडालेला रोज आणि एमआरआयसाठी भूल. आईची आणि आजींची कोलोनोस्कोपी झाली. वडील अजून टाळत आहेत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी मुलगा चार वर्षांचा असताना होती. डागांवरून शिक्का मारला, पण एनएफ१ या न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जनुकाची तपासणी झाली नाही आणि आई-वडिलांचे नाते विचारले गेले नाही. या आजारातले डाग पुष्कळदा कडांना फाटके, विस्कळीत असतात; ते लक्षात आले असते तर कदाचित गाठ लहान असताना सापडली असती. खात्री नाही, पण बहिणीच्या आतड्याचे उदाहरण समोर आहे.

दुसरे, अवाढव्य पेशींची गाठ आणि लहान मूल अशी जोडी दिसली की चार स्टेन पहिल्याच दिवशी व्हायला हवेत. त्यासाठी एक्सोमची वाट बघणे उलटे आहे. त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाने आता मुलांच्या प्रत्येक उच्च श्रेणीच्या ग्लिओमावर ते सुरू केले आहेत. निरोगी पेशीही कोऱ्या आल्या तर ‘पुन्हा करावी’ लिहिण्याआधी फोन करायचा, अशी सूचना प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेली आहे.

तिसरे, संमतीपत्र. डॉ. क यांनी आपल्या प्रकल्पाचे नवे संमतीपत्र केले, त्यात रक्तातल्या निष्कर्षाबद्दल तीन वेगळे प्रश्न आहेत: मुलाबद्दल कळवायचे का, भावंडांबद्दल कळवायचे का, आणि मूल हयात नसेल तर कोणाला कळवायचे. तिसऱ्या प्रश्नावर नैतिकता समितीत दोन बैठका झाल्या. मुलाला समजेल अशा भाषेतले संमतीचे पानही जोडले.

मामाच्या घरचा प्रश्न तसाच आहे. आईच्या भावाकडेही हा दोष असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याच्या मुलीचे स्थळ पुन्हा नात्यातच ठरते आहे. डॉक्टरांनी परस्पर त्यांना गाठणे बसत नाही, म्हणून समुपदेशक बाईंनी आईच्या हाती एक पत्र दिले: मराठीत, एका पानाचे, कुणाचे नाव न घालता, कुठे आणि कोणती तपासणी करावी एवढेच. ते पत्र मामाकडे पोचले आहे. तपासणीला अजून कोणी आलेले नाही.